टाकी भरली की!

बिराजदार सरांनी मला आजवर एकदाही "कशा आहात?" असं विचारलेलं नाही. भेटले की त्यांचा एकच प्रश्न असतो: "पाणी आलं का?" लग्नात अक्षता टाकून झाल्या की वधूपित्याच्या कानाशी लागून तेच विचारतात. एकदा आम्ही दोघं कॉलनीतल्या एका घरी समाचाराला गेलो होतो. घरच्यांनी डोळे पुसत वडिलांचं शेवटचं आजारपण सांगितलं. सरांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "काल पाणी आलं होतं का?" आम्ही बसलो होतो त्या सतरंजीखाली शिरता आलं असतं तर मी शिरले असते.

सोलापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. किती वाजता येईल ते नळालाही ठाऊक नसतं. आलं की ते अंगणातल्या हौदात घ्यायचं आणि मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. त्या दिवशी आम्ही पाहुणे बोलावत नाही, डॉक्टरची वेळ घेत नाही आणि शक्यतो भांडतही नाही.

आणि आमची कॉलनी म्हणजे शहरातली बडी वस्ती बरं का! रिक्षावाले मात्र अजून तिला 'माळ'च म्हणतात, कारण पूर्वी इथं माळच होता. खडक, बाभळी आणि मधोमध एकटं कॉलेज. तिथल्या प्राध्यापकांनी सोसायटी काढून हप्त्याहप्त्याने प्लॉट घेतले तेव्हा गावातली माणसं पोट धरून हसली होती. सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कोल्हेकुई ऐकून पहिल्या रात्रीच माहेरची पिशवी भरली होती. मग एका कॉलेजची तीन कॉलेजं झाली. क्लासवाले आले, पिझ्झावाले आले. पोरांच्या शिक्षणाच्या निमित्ताने अकलूजचे ऊसवाले आणि बार्शीचे आडतवाले बंगले बांधायला आले. जिथं कुसळं होती तिथं ग्रॅनाइट आलं. दरम्यान प्राध्यापकांची स्वतःची मुलं शिकली, जरा जास्तच शिकली, आणि पुण्याला आणि तिथून परदेशात गेली. आता बहुतेक बंगल्यांत वर लोकांची मुलं भाड्याने राहतात आणि खाली दोन म्हातारी माणसं असतात. कधी एकच असतं. मी स्वतः बार्शीची. कॉलेजात कॉमर्स शिकवते आणि सरांच्या समोरच राहते.

सर भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. काकू गेल्या, मुलगी कॅनडात आहे, आणि तिच्यासाठी म्हणून वरचा मजला झाडून-पुसून रिकामा ठेवलेला आहे. वर्गात त्यांचं बोलणं पाठ्यपुस्तकासारखं असायचं. पण नळात खुर्रर्र आवाज झाला की सर थेट अक्कलकोटला, त्यांच्या गावाला पोचतात. "बंतु री, नीरु बंतु!" असं ओरडत, म्हणजे 'आलं हो, पाणी आलं' असं कन्नडमध्ये सांगत, फाटकाबाहेर येतात. कन्नड न येणारी अख्खी कॉलनी तेवढ्यावर मोटरीकडे धावते.

खरा तमाशा त्यानंतर सुरू होतो. डोक्यावर टोपी, हातात वेताची काठी घेऊन सर गल्लीतून फिरतात. कुणाची टाकी भरून पाणी खाली पडायला लागलं की त्या घराचं फाटक बडवतात. "अवो, टाकी भरली की! पाणी चाललंय! झोपलाय का मेलाय?" हे शेवटचं वाक्य त्यांनी एका निवृत्त प्राचार्यांनाही ऐकवलं आहे. मोटर बंद झाली तरी ते हलत नाहीत. घरातल्या माणसाने दारात येऊन तोंड दाखवायचं, मगच काठी पुढे सरकणार.

आमच्या कोपऱ्यावरच्या जगतापांना याचा फार वैताग. जगताप अकलूजचे बागायतदार. आठवड्यातले चार दिवस उसात असतात, आणि बंगल्यात तेव्हा त्यांची म्हातारी आई एकटीच असते. त्यांनी एकदाचा सेन्सर बसवला. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. "आता सरांची काठी गप," असं म्हणत त्यांनी कॉलनीभर त्याची जाहिरात केली. पाण्याच्या थेंबासाठी जीव टाकणारा माणूस यावर खूश व्हायला हवा की नाही? सर चिडले! घरोघरी जाऊन सांगायला लागले, "ते यंत्र घेऊ नका. लई वाईट असतंय."

मला राहवलं नाही. मी त्यांना फाटकातच गाठलं. "सर, पाणी वाचतंय तर तुमचं काय दुखतंय?"

सरांनी काठी फाटकाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "बॉटनीचे वैद्य माहितीयत ना? त्यांची टाकी एकदा अशीच वाहत होती. मी ओरडून ओरडून दमलो, मोटर काही बंद होईना. असा राग आला! चार शिव्या हासडायच्या म्हणून आत गेलो, तर हे न्हाणीघरात पडलेले. भांडायला गेलो म्हणून माणूस वाचला बघा. सेन्सर असता तर मोटर शहाण्यासारखी बंद झाली असती, आणि मीही घरी जाऊन जेवलो असतो."

मी मान वर करून त्यांच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघितलं.

"मी सगळ्यांच्या टाक्या बघतो की," सर हसत म्हणाले. "माझी कोण बघतंय?"

"मी आहे ना समोर."

"तुमी कॉलेजात असता," ते म्हणाले आणि आत गेले.

पुढे एका रविवारी सकाळी पाणी आलं. सर नेहमीसारखे "बंतु" म्हणून ओरडले, पण गल्लीत फिरकले नाहीत. थोड्या वेळाने धो धो आवाज आला. बाहेर येऊन बघते तर सरांची टाकी! पाणी भिंतीवरून, पायरीवरून, फाटकाखालून रस्त्यावर आलं होतं. मी "सर!" म्हणून ओरडत पळाले. समोरून जगताप अनवाणी धावत येत होते, अर्ध्या तोंडाला दाढीचा फेस. मागून वैद्य सर त्यांच्या गुडघ्यांना जमेल तेवढ्या घाईने, आणि मग प्राचार्य, शेजारपाजारच्या बायका, बनियनवर आलेली भाडेकरू पोरं.

दार नुसतं लोटलेलं होतं. सर आरामखुर्चीत ताठ बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि तब्येत ठणठणीत.

जगतापांनी आधी मोटर बंद केली आणि मग तोंड उघडलं. "व्हय सर, काय हे! जीव गेला की आमचा!"

सर ओशाळून उठले. आमच्याकडे बघायला त्यांना जमत नव्हतं. "काय न्हाय," ते म्हणाले. "म्हटलं बघावं, कुणी येतंय का."

कुणी हसलं नाही. वैद्य सर त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी त्यांचा हात धरला. जगताप फेस पुसत खाली बघत होते. मग म्हणाले, "सर, तो आमचा सेन्सर काढायचा कसा? आई एकटीच असती हो."

"काढू की," सर म्हणाले, आणि एकदम आठवल्यासारखं, "बसा बसा, चहा घ्या."

मी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर ट्रे होता आणि त्यात धुऊन पुसून ठेवलेले चार कप. पातेल्यात चहाचं पाणीही मोजून घातलेलं होतं. मी बाहेर डोकावून बघितलं. माणसं पायऱ्यांवर बसली होती आणि अजून दोघं-तिघं फाटकातून येत होते. मी मोठं पातेलं काढलं, समोर जाऊन माझ्या घरचे कप आणले, तरीही पुरले नाहीत. शेवटी सरांनी आपला चहा फुलपात्रातून घेतला.