पूर्णिमाचे पॉइंट

पंडरीच्या कापडबाजारातल्या एका ठोक विक्रीच्या कंपनीत पूर्णिमा एच.आर.ला लागली त्याला पाच महिने झाले होते. सहावा संपला की एकतर कायम होणार, नाहीतर घरी बसणार. नेमक्या त्याच दिवशी डिस्पॅचचे श्यामराव रिटायर होणार होते. कोणत्या गावचा बाजार कधी, तिकडे कोणती गाडी जाते, कोणता व्यापारी माल परत पाठवतो, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. मालक भार्गवजींनी तिला स्पष्टच सांगितलं, की श्यामरावांचं काम कोणालातरी आलं पाहिजे, तरच तुझं पत्र निघेल.

बाई एमबीए. तिने लगेच योजना काढली: आपलं काम दुसऱ्याला शिकवा, दहा पॉइंट मिळवा, पन्नास झाले की एक जास्तीची सुट्टी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बारा मास्तर तयार आणि विद्यार्थी एकही नाही. मग तिने शिकणाऱ्यालाही पाच पॉइंट लावले. झालं, आता बघायलाच नको. ऑफिसातल्या विनीताने फाइल कशी लावायची ते तीनदा शिकवलं आणि त्याच चौघांनी ते तीनदा शिकून घेतलं. फोन उचलायला कोणी जागेवर सापडेना. कापडाच्या गाठी तेवढ्या वेळेवर जात होत्या, कारण श्यामराव कोणालाही काही शिकवत नव्हते.

महिना संपायला आठच दिवस उरले, तेव्हा पूर्णिमाने पॉइंटची वही मिटली. ती सरळ गोदामात श्यामरावांकडे गेली.

"काका, तुम्ही काहून नाही शिकवून राहिले?"

"तीन पोट्टे शिकवले बाई. तिघंही शिकून समोरच्या दुकानात गेले. आता मनच होत नाही."

"मग मले शिकवा. मी कुठी नाही जात."

श्यामरावांना फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत साहेबी खुर्चीतलं कोणी गाठीवर येऊन बसलं नव्हतं. त्यांनी हातचं काही राखलं नाही. कांकेरचा ट्रक सोमवारी दुपारीच भरायचा, धमतरीवाल्यांना जेवण झाल्यावरच फोन करायचा, सगळं सांगितलं. पूर्णिमा पोरगी हुशार. सहाव्या दिवशी तिने जगदलपूरला चाललेली चुकीची गाठ परत उतरवली. "हव, आता जमलं तुले," श्यामराव म्हणाले, आणि पूर्णिमाला आपण एच.आर.मध्ये जगच जिंकल्यासारखं वाटलं.

शेवटच्या दिवशी श्यामरावांना शाल मिळाली आणि पूर्णिमाला पत्र. नोकरी कायम झाली होती. तिने आईला फोन लावला आणि मोठ्याने वाचता वाचता मध्येच थांबली. पदाच्या जागी लिहिलं होतं, डिस्पॅच प्रमुख.

ती धावतच भार्गवजींच्या केबिनमध्ये गेली. काहीतरी चूक झाली आहे, आपण तर एच.आर.मध्ये आहोत, असं तिने कसंबसं सांगितलं. भार्गवजींनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"बेटा, एच.आर. तो कोई भी देख लेगा. डिस्पॅच तुझ्याशिवाय आता कोणाले येते?"