पाण्याच्या पाळ्या आणि नवी प्रणाली

एका जंगलात, मुलांनो, तळं एकच होतं आणि तहान सगळ्यांना लागायची. उन्हाळ्यात हरणं आणि वाघ एकाच वेळी पाण्यावर यायचे. परत जाताना हरणं कमी भरायची.

म्हणून सिंहमहाराजांनी गुहेत एक मोठा सर्व्हर बसवला. कुणी कधी पाणी प्यायचं, त्या पाळ्या त्याच्या डिस्कवर साठवल्या. तळ्याकाठी फलक लावला. त्यावर पाळी दिसे. चित्रांगी नावाची हरिणी हा फलक सांभाळायची. तिची बहीण पाळ्यांच्या आधीच्या उन्हाळ्यात पाण्यावर गेली होती, ती आलीच नाही. त्यामुळे चित्रांगीची फलकावरून नजर हलत नसे.

एकदा धवलकर नावाचा बगळा आला. गळ्यात टाय होता.

"महाराज, तुमचा सर्व्हर चालवणारी प्रणाली फार जुनी. शेजारच्या जंगलात नवी आली."

"मग आमच्याकडे का नाही?" महाराज गरजले.

गुहेत आलेल्या चित्रांगीने विचारलं, "आपल्या डिस्क एका जुन्या कार्डाला जोडल्या आहेत. प्रणालीला त्या कार्डाशी बोलायला ड्रायव्हर लागतो, म्हणजे एक दुभाषाच. नव्या प्रणालीत आपल्या कार्डाचा ड्रायव्हर आहे का?"

"सगळं सुसंगत आहे, बाई."

"सुसंगत म्हणजे?"

"म्हणजे बहुधा."

"शुभ कामात फाटे फोडू नका," महाराज म्हणाले.

नवी प्रणाली बसली. पडदा सुंदर निळा झाला. त्यावर अक्षरं आली : एकही डिस्क सापडली नाही.

डिस्क तर समोर घरघरत होत्या. सर्व्हरचे प्रमुख मर्कटपंत यांनी यंत्र बंद करून चालू केलं. मग पुन्हा तेच केलं, पण या वेळी गंभीर चेहऱ्याने.

बगळ्याने कार्ड बनवणाऱ्या कोल्ह्याला फोन लावला.

"त्या कार्डाचा नवा ड्रायव्हर आम्ही काढणार नाही," कोल्हा म्हणाला. "आमच्या लेखी ते कार्ड मेलं."

"अहो, पण ते चालतंय!" चित्रांगी ओरडली.

"चालत असेल. तो त्याचा प्रश्न."

इकडे तळ्यावरचा फलक कोरा झाला होता. भर दुपारी सगळे एकदमच आले. चित्रांगी धावत तळ्यावर गेली आणि कळपापुढे उभी राहिली. समोर वाघ होता.

"पाळी कुणाची?" वाघाने विचारलं.

"सिस्टीम डाऊन आहे, साहेब. पाळी कळेपर्यंत कुणीच प्यायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"कधी चालू होईल?"

"काम चालू आहे."

वाघाने सुस्कारा सोडला आणि तो खाली बसला. "हे उत्तर ऐकलं की माझी भूकच मरते," तो म्हणाला. "पण तहान मरत नाही हो. लवकर करा."

चित्रांगी गुहेत परतली. मर्कटपंत एक बटण दाबणार होते.

"हे काय करताय?"

"डिस्क पुसून टाकतो. सगळं कोरं करून नव्याने सुरुवात."

"मग पाळ्या?"

"नव्याने ठरतील."

"कशा?"

"खुल्या स्पर्धेतून," बगळा म्हणाला.

चित्रांगीने मर्कटपंतांचा हात धरला, तो सोडलाच नाही. "जुनी प्रणाली जिच्यावर होती, ती तुम्ही काढून ठेवलेली छोटी डिस्क कुठाय?"

मर्कटपंत ओशाळले. करवंदाच्या सरबतावर माश्या बसू नयेत म्हणून त्यांनी ती पेल्यावर झाकणासारखी ठेवली होती.

तिने ती पुसली, सर्व्हरमध्ये घातली. सगळ्या डिस्क दिसल्या. पाळ्याही दिसल्या. ती धावत तळ्यावर आली, तर फलकावर पाळी हरणांची निघाली. वाघ उठला, जांभई देत बाजूला झाला. कळप पाणी प्यायला. चित्रांगी मात्र पाण्यापाशीच बसून रडली. परत जाताना तिने मोजली, तेव्हा सगळी हरणं होती.

पण नव्या प्रणालीच्या समारंभाला शेजारचे राजे निघाले होते. मग जुन्याच प्रणालीवर नव्या नावाची पाटी लावली. बगळ्याला शाल मिळाली. मर्कटपंतांना बढती मिळाली. चित्रांगीला नोटीस मिळाली : आपण आधीच शंका काढल्यामुळे प्रणालीचं मनोधैर्य खचलं, तरी खुलासा करावा.

तात्पर्य : ड्रायव्हर आहे का, हे आधी कधीही विचारू नये. विचारणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो, न विचारणाऱ्याला शाल मिळते. आणि बाळांनो, तहान लागलीच, तर वाघाशी बोला. तो निदान ऐकून घेतो.