रुख्माबाईच्या गोठ्यासमोर हॉर्न वाजवू नये

"माले पेपर? माले?" अभिमनभाऊ इतक्या जोरात हसला की पुनाच्या हॉटेलातलं बाकडं हललं. "चौदा वरीस झायात ट्रॅक्टर हाकी ऱ्हायनू! भोरखेडाना एक बी खड्डा माले नवा नही. पेपर मनाच लेतस का? मी त्या साहेबना पेपर लेसू!"

इतकं बोलल्यावर माणसानं निदान मीठमोहऱ्या तरी ओवाळून घ्याव्यात. अभिमनभाऊनं आणखी एक चहा घेतला.

गोष्ट एक्क्याण्णव सालची. चोपड्याहून पाच कोसांवर भोरखेडं नावाचं गाव, आणि गावाच्या केळी सोसायटीनं नुकतीच नवी कोरी जीप घेतलेली. सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. पूजा झाली, झेंडूची माळ चढली, पेढे वाटले, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की चालवायला ड्रायव्हरच नाही! जीप गोडाऊनमध्ये उभी. माळ वाळून काडी झाली.

सोसायटीचे चेअरमन रुपचंद नाना. ट्रॅक्टर त्यांचाच आणि चौदा वर्षं तो चालवणारा अभिमन. नानांनी त्याला बोलावून सरळ सांगितलं, "अभिमन, तुना हात सोनाना शे, पण सरकारना शिक्का नही. पुढला हप्तामां शनिवारे चोपडाना रेस्ट हाऊसवर लायसनना कॅम्प शे. लेखी पेपर दे, लर्निंगना कागद सोमवारना मीटिंगमां ठेव, जीप तुनी. नही ते भिकन शेच."

भिकन! गावात लायसन असलेला एकमेव माणूस. धुळ्याला मामाकडे राहून काढलेलं ते लायसन तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवायचा आणि जेवताना बाहेर काढून ताटाशेजारी ठेवायचा. हात मात्र असा, की आजवर ग्रामपंचायतीचा नळ, मारुतीच्या पाराची पायरी आणि स्वतःच्या सासऱ्याची उभी बैलगाडी त्याच्या नावावर जमा होती.

अभिमनला ती जीप हवी होती. मनापासून हवी होती. चौदा उन्हाळे त्यानं उघड्या ट्रॅक्टरवर काढले होते. जीपला छप्पर होतं, पाठीला गादी होती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो हवेतच गिअर टाकायचा, आणि बायको तानुबाई त्याचा हात धरून खाली ठेवायची.

तर अभ्यास सुरू झाला. चोपड्याच्या स्टँडवरून वाहतुकीच्या चिन्हांचं पुस्तक आलं. अभिमनची शाळा चौथीपर्यंत. तानुबाईची शाळा तिच्या भावापर्यंत, म्हणजे भावाला सोडायला ती फाटकापर्यंत जायची तेवढीच. पण परीक्षा घ्यायला तीच बसली. चित्रावर बोट ठेवायची, अभिमन डोळे मिटून उत्तर द्यायचा.

"हाई काय शे?"

"अरुंद पूल!"

तानुबाईला ते चित्र डमरूसारखं दिसत होतं. पण नवरा इतक्या ठसक्यात सांगतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "बरोबर!"

"हाई?"

"पुढे दवाखाना!"

"बरोबर!"

तीन दिवस असा अभ्यास चालला. अभिमन रोज दहापैकी दहा! चौथ्या दिवशी त्यानं भरल्या हॉटेलात पुस्तक पुनाच्या हातात दिलं. पुना सातवी पास. त्यानं दहा चित्रं विचारली. अभिमनची दहाच्या दहा चुकली!

"पण घरमां ते सगळी बरोबर येत व्हतीत!" अभिमन कळवळून म्हणाला.

"वहिनीले वाचता येस का?" पुनानं विचारलं.

हॉटेलात जे हसू फुटलं ते पार मराठी शाळेपर्यंत ऐकू गेलं. कोपऱ्यात बसलेल्या भिकननं तर लायसन काढून त्यानं वारा घेतला!

अभिमन घरी आला तो खांदे पाडूनच. तानुबाईला सगळं कळलं. तिला वाईट वाटलं, पण ती रडत बसणारी बाई नव्हती. थोडा वेळ भाकरी थापत राहिली आणि एकदम थांबली.

"नानांना तीस एकरना बठ्ठा तुकडा तुम्हले कसा काय पाठ शेतस?"

खरंच की! जांभळीखालचा तुकडा, साप निघालेला तुकडा, मोटर जळाली तो तुकडा. अंधारात उभं केलं तरी अभिमन सांगेल कुठल्या ओळीला पाणी चाललंय ते. कागदावरचं त्याच्या डोक्यात राहत नव्हतं. जागा राहत होती.

"मग चित्रं गावमां लाई द्या!" तानुबाई म्हणाली.

झालं! गोडेतेलाचे रिकामे डबे कापून पत्रे सपाट केले. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग घरात होताच. भिंतीवर चित्रं काढण्यात तानुबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. अभिमननं पुस्तक धरलं, तिनं एका दिवसात अकरा पाट्या रंगवल्या. 'पुढे गुरे' या पाटीवरच्या गाईला तिनं झूल आणि गोंडे घातले. नुसती गाय तिला उघडीवाघडी वाटली.

मग जिथं जी शोभेल तिथं ती. नाल्याच्या मोरीवर 'अरुंद पूल'. पुनाच्या हॉटेलासमोर 'थांबा'. सुंदरबाई सुईणीच्या घरावर 'दवाखाना'. आणि रुख्माबाईच्या गोठ्यासमोर 'हॉर्न वाजवू नये', कारण तिची म्हैस भारी बुजरी. दचकली की दोन दिवस पान्हा सोडायची नाही.

अभिमन दिवसातून चार वेळा गावातून फेरी मारायचा. पाटी बघायचा, जागा बघायचा, पुटपुटायचा. सगळं डोक्यात बसायला लागलं!

पण पाट्या काय एकट्या अभिमनलाच दिसत होत्या? रुख्माबाईनं पाटीचा अर्थ विचारून घेतला आणि दारात काठी घेऊनच बसली. कुल्फीवाल्याचा भोंगा तिनं जप्त केला. खुद्द नानांची राजदूत फटफटी तिथून ढकलत न्यावी लागली! सुंदरबाईकडे शेजारच्या गावचा एक माणूस दाढ धरून आला आणि हलेचना. "दवाखाना शे ना? मग उपाड!" शेवटी तिनं त्याला लवंग दिली आणि चार शिव्या दिल्या. पुनाची मात्र चंगळ. पाटी बघून येणारा जाणारा थांबायचा, आणि थांबला की चहा घ्यायचाच. त्यानं आणखी एका पाटीची मागणी केली.

दहा पाट्या लागल्या. अकरावी उरली. लाल गोल आणि मध्ये पांढरी आडवी पट्टी, 'प्रवेश बंद'. ही काही कोणी दारात लावू देईना. नाना म्हणाले, मतं जातील. स्वतःच्या दारावर लावावी तर तानुबाई कडाडली, "मना माहेरना माणसं येणार शेतस!"

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी अभिमननं ती गावाबाहेर मैलभर लांब, हमरस्त्याच्या फाट्यावर बाभळीला टांगली. तिथं ना घर ना दार. तिथं त्या पाटीचा कोणाला त्रास होणार?

शनिवारी सकाळी अभिमन धुतलेले कपडे घालून, तानुबाईकडून दही खाऊन गावच्या स्टँडवर हजर. आठची यष्टी आली नाही. साडेआठ झाले. नऊ वाजले. पंधरा-वीस माणसं जमली. कोणी बाजाराला, कोणी दवाखान्याला, आणि भिकन निव्वळ अभिमनची फजिती बघायला. अकराला पेपर! अभिमन रस्त्यावर उतरून, टाचा उंच करून फाट्याकडे बघायला लागला.

इतक्यात दूधवाला हिलाल फाट्याकडून सायकल मारत आला.

"यष्टी? यष्टी ते ईसन गई! ड्रायव्हर नवा व्हता. त्यानी बाभळीवरनी पाटी दखी आणि गाडी फिराई लिधी. म्हणे, आते भोरखेडामां प्रवेश बंद शे!"

सगळं स्टँड सावकाश अभिमनकडे वळलं.

त्यानंतर जे बोललं गेलं त्यातलं छापण्यासारखं फार थोडं आहे. रुख्माबाई तेवढी त्याच्या बाजूनं बोलली. शेवटी निरोप द्यायला आलेले नानाच म्हणाले, "ट्रॅक्टर काढ! ट्रॉली जोड! आणि बसा सगळे!"

अभिमन ट्रॅक्टरवर चढणार, तोच भिकननं त्याचा शर्ट धरला. "लायसनना साहेबकडे जाई ऱ्हायना आणि बिगरलायसननी गाडी चालाडस? कायदा शे! मी चालाडसू!"

बोलणं कायद्याचं होतं. भिकन बसला. ट्रॅक्टर पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आणि थेट पुनाच्या हॉटेलात शिरला. 'थांबा'ची पाटी चाकाखाली, भजी धुळीत आणि पुना टेबलावर! मग भिकन आपण होऊन खाली उतरला आणि चाकावरच्या पत्र्यावर जाऊन बसला. अभिमननं ट्रॅक्टर हाकला आणि वाटेत पोलीस भेटलाच तर दाखवायला भिकन आपलं लायसन हातात उंच धरून बसला. चोपडा जवळ आल्यावर ट्रॅक्टर कापसाच्या जिनिंगच्या मागं लपवला. तिथून सगळी ट्रॉली पायी रेस्ट हाऊसवर. बाजार कोणालाच आठवला नाही!

अकराला दोन मिनिटं कमी होती.

पेपर म्हणजे एका कागदावर दहा चित्रं. समोर अर्थ लिहायचा, वेळ वीस मिनिटं. अभिमननं कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. एकूण एक ओळखीची! शेजारचे पेन चावत होते आणि हा सात मिनिटांत मोकळा!

साहेब जळगावचे, चष्मेवाले, शांत स्वभावाचे. त्यांनी कागद वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

"अभिमन कोण?"

"मी साहेब."

"हे काय लिहिलंय? पहिल्या चित्राचा अर्थ, 'नाल्यावरची मोरी'. तिसऱ्याचा, 'सुंदरबाईचं घर'. चौथ्याचा, 'रुख्माबाईचा गोठा'! कोण ही रुख्माबाई?"

"मी! मी रुख्माबाई!" खिडकीतून आवाज आला. बाहेर अख्खं भोरखेडं गजांना नाक लावून उभं होतं.

अभिमननं सगळ्या जागा लिहिल्या होत्या. अर्थ एकही लिहिला नव्हता! डोळ्यासमोरून ती जीप निघाली, छपरासकट, आणि स्टिअरिंगवर भिकन दिसायला लागला.

"नापास करू?" साहेबांनी विचारलं.

"साहेब," अभिमन हात जोडून म्हणाला, "मला सगळं येतं. फक्त ते गावात आहे."

साहेब खुर्चीत मागं टेकले. "बरं. गावातच जाऊ. रुख्माबाईच्या गोठ्यासमोर गाडी आली. काय करशील?"

"हॉर्न वाजवणार नाही, साहेब! म्हैस आटते!"

"नाल्याच्या मोरीवर?"

"गाडी हळू. समोरून कोणी आलं तर आधी त्याला येऊ द्यायचं. दोघं मावत नाहीत."

"सुंदरबाईच्या घरापाशी?"

"गोंगाट नाही, जोरात जायचं नाही. आत बाळंतीण असते."

"आणि पुनाचं हॉटेल? आठवं चित्र?"

"थांबायचं, साहेब. पूर्ण थांबायचं! मग दोन्हीकडे बघून निघायचं."

"सकायमां भिकन नही थांबना!" खिडकीतून कोणीतरी ओरडलं. साहेबांना ते कळलं नाही, हे भिकनचं नशीब!

एकामागून एक नऊ झाली. साहेबांचं पेन दहाव्या चित्रावर आलं. "इथं तू नुसतं 'आमचा फाटा' लिहिलंयस. ही पाटी दिसली तर गाडी काय करते?"

अभिमननं तोंड उघडायच्या आत सगळी खिडकी एका सुरात ओरडली, "परत जास, साहेब! आठनी यष्टी परत गई!"

साहेब हसायला लागले. चष्मा काढून हसले. शिपाई हसला, परीक्षेला बसलेले हसले, नानासुद्धा हसले. "इतकी वर्षं पेपर घेतोय," साहेब डोळे पुसत म्हणाले, "एका माणसाबरोबर अख्खं गाव पास झालेलं आजच बघतोय. पण ती फाट्यावरची पाटी आधी उतरवा!"

शिक्का पडला! अभिमनला उचलून घेऊन माणसं जिनिंगपर्यंत नाचत गेली. रुख्माबाईनं स्वतःच्या हातानं त्याला पेढा भरवला. अभिमन रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच कळेना.

सोमवारी मीटिंगला सगळा गाव लोटला. अभिमननं छाती काढून कागद नानांपुढं ठेवला. नानांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला, "शिकाऊ... वाहनचालक."

"शिकाऊ?" तानुबाई दारातूनच म्हणाली. "म्हणजे चौदा वरीस तुम्हले येत नव्हतं?"

मीटिंग खदखदली. पण नाना पुढं वाचतच होते. "गाडीला पुढं-मागं लाल अक्षराची पाटी लावावी. आणि गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेला, शिकवणारा माणूस बसलाच पाहिजे."

नानांनी कागद खाली ठेवला. गावात पक्कं लायसन एकाच माणसाकडे होतं. सगळ्यांच्या माना एकदम मागं वळल्या, आणि भिकन खिसा चाचपत उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप गोडाऊनमधून निघाली. सीटवरचं प्लास्टिक निघालं होतं, पाठीला गादी होती, वर छप्पर होतं. अभिमननं पहिला गिअर इतका अलगद टाकला की इंजिनालाही कळलं नसेल. शेजारी मांडी घालून बसलेल्या भिकननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"घाबरू नको, अभिमन. हळूहळू शिकी जाशी!"