गुलाबाचं अत्तर

"बाजारातलं अत्तर काय, कुणीही आणतं," हे सरांनी घरात आठवडाभर ऐकवलं होतं. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी गुलाबाचं अत्तर ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतः बनवणार होते. रसायनशास्त्र शिकवण्यात डोक्यावरचे केस गेले होते, तेव्हा एवढी ऐट परवडत होती. त्यात मेहुण्यानं, "भाऊजी, संध्याकाळी आम्ही नाक घेऊन हजर," असं सांगून ठेवल्यामुळे माघारीची वाटही बंद झाली.

कृती सोपी. मधासारख्या वासाचं एक एस्टर बाटलीत तयार मिळतं. त्यावर हायड्राइडची भुकटी सोडली की त्याचं अल्कोहोल होतं आणि वास होतो थेट गुलाबाचा. फक्त फ्लास्क कोरडा हवा, पाणी दिसलं की ही भुकटी पेट घेते. "कोरडा म्हणजे ठणठणीत कोरडा," असं सर दरवर्षी टेबल आपटून सांगत.

आज नेमका फ्लास्क ओला निघाला. वाळवत बसायला वेळ कुणाला? पाणी निघून जावं म्हणून सरांनी हाताला लागलेल्या बाटलीतल्या द्रावकानं तो सढळपणे विसळला, तळाशी उरलेलं आपोआप उडेल म्हणून सोडलं आणि कामाला लागले. भुकटी छान फसफसली. सरांनी समाधानानं मान डोलावली. दुपार उलटल्यावर सगळं धुऊन, गाळून वास घेतला.

मध.

"भुकटी आणखी आहे का हो?"

"संपली की," शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या. "सर, फ्लास्क कशानं विसळलात?"

"इथाइल ॲसिटेटनं."

"तेही एस्टरच ना, सर?"

भुकटीनं तळाशी उरलेलं ॲसिटेट पोटभर खाल्लं होतं आणि मुख्य पाहुण्याला, त्या मधाच्या वासाच्या एस्टरला, ती शिवलीही नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथं तर पाषाणही कोरडा नव्हता.

घरी मेहुण्यानं बाटली हुंगली. "भाऊजी, हा मध झाला. गुलाब कुठाय?"

सर बुटाची नाडी सोडवत राहिले. बायकोनं दोन थेंब मनगटावर चोळले, डोळे मिटून वास घेतला.

"गुलाबानं मला शिंका येतात. लग्नापासून सांगतेय," ती भावाला म्हणाली. "ऐकलं बाई यांनी एकदाचं." मग सरांकडे वळून हळूच, "दिवसभर खपलात ना हो?"

सकाळी प्रयोगशाळेतली ती एस्टरची बाटली जशीच्या तशी उचलून आणली असती, तरी भागलं असतं.

"खपलो तर," सर म्हणाले. "गुलाबाचा वास येऊ न देणं सोपं नसतं."