वरची लिफ्ट

आमच्या सनीव्हेलच्या कॉम्प्लेक्समधले साठे काका सकाळी भेटले की गुड मॉर्निंग म्हणत नाहीत. "रात्री दीड फूट पडला. खालच्या लिफ्ट चालू, वरची होल्डवर," असं म्हणतात.

ऐकणारा अर्ध्या चड्डीत कचरा टाकायला निघालेला असतो. पार्किंगशेजारी लिंबं पिकलेली असतात. बर्फ पडलेला असतो चार तासांच्या ड्राइव्हवर, टाहोच्या डोंगरातल्या एका स्की रिसॉर्टमध्ये. लिफ्ट म्हणजे तिथल्या, स्की करणाऱ्यांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्या.

काका मूळचे सांगलीचे, चिप डिझाइनमधून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. स्की त्यांनी कधी पायात घातली नाही. "घसरायला मला बाथरूम पुरतं," म्हणतात. पण बर्फाबद्दल बोलू लागले की समोरचा हळूहळू त्या डोंगरात जाऊन पोचतो. सूचिपर्णी झाडं, धुकं, धुक्यात शिरणाऱ्या रिकाम्या खुर्च्या. ऑफिसची शटल चुकली तरी भान राहत नाही.

"ताज्या पावडरवर भुलू नये, खालचा बेस बघावा," हे त्यांचं लाडकं वाक्य. पावडर म्हणजे वरचा भुसभुशीत नवा बर्फ, बेस म्हणजे खालचा घट्ट थर. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की सगळी माहिती ऐकून घेतात आणि विचारतात, "पावडर बरी आहे. बेसचं काय?" संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं, तर दारातूनच "वारा वाढलाय, वरची बंद केली" असं सांगून, तिळगूळ घेऊन गेले.

फेब्रुवारीत मी स्की शिकायला निघाले तेव्हा म्हणाले, "मीही येतो. गाडीत बसून राहीन."

पहाटे निघालो. पोचलो तेव्हा बारीक बर्फ पडत होता आणि सगळं कसं कापसात गुंडाळल्यासारखं शांत होतं. काका गाडीत बसले नाहीत. लिफ्टच्या बोर्डासमोर उभे राहिले. वरच्या लिफ्टपुढे लाल दिवा होता. एकाएकी डोंगरातून धडाम आवाज आला. मी दचकले. काकांच्या हातातली कॉफी हिंदकळली.

"सुरुंग आहे," ते म्हणाले. "साठलेला बर्फ लोकांच्या अंगावर कोसळू नये म्हणून स्की पॅट्रोलची, म्हणजे डोंगरावर सुरक्षा बघणारी माणसं आधीच पाडून टाकतात. सगळी सुखरूप परतली की मग लिफ्ट उघडतात."

आणखी दोन आवाज झाले. मग काहीच नाही. काका त्या लाल दिव्याकडेच बघत होते. मी क्लासला जायचं सोडून तिथेच थांबले. बऱ्याच वेळाने दिवा हिरवा झाला.

"आली खाली," ते पुटपुटले.

"कोण, काका?"

"नेहा. माझी मुलगी. पॅट्रोलमध्ये आहे." कॉफी केव्हाच गार झाली होती, तरी त्यांनी घोट घेतला. "कॉम्प्युटरची नोकरी सोडली तेव्हा मी रागाने म्हणालो, बर्फच उपसायचा असेल तर मला फोन करून सांगू नकोस. शब्दाची पक्की आहे गं. नाही करत."

"मग भेटा की आज."

"ड्यूटीवर असेल. कशाला उगाच."

तेवढ्यात लाल जॅकेट घातलेली एक मुलगी धुक्यातून घसरत खाली आली, पुढे गेली आणि थबकली. गॉगल वर केला.

"बाबा? व्हॉट आर यू डुइंग हिअर?"

"रस्ता मोकळा होता," काका म्हणाले.

ती जवळ आली. तिच्या केसांवर, खांद्यांवर बर्फ साचत होता. जॅकेटची चेन छातीपर्यंत उघडी होती. काकांनी कप माझ्या हातात दिला, हातमोजे काढले आणि ती चेन पार गळ्यापर्यंत ओढली.

नुकतीच डोंगराला सुरुंग लावून आलेली ती मुलगी, चेन अडकू नये म्हणून हनुवटी वर करून उभी राहिली.