फोनवरची आडवी बोटं

नवा टच-फोन घेतला तेव्हाच राजशेखरनं ठरवून टाकलं, सेटिंगमध्ये शिरून बटणं शोधत बसायचं ते अडाण्यांनी. आपण बोटाच्या खुणा बसवायच्या! दोन हजार नऊ साल. अख्ख्या उचगावात असला फोन दोघातिघांकडं. (त्यातल्या एकाला तो लावता येत नव्हता, आणि तो एक म्हणजे आपण नव्हे, असं राजशेखरचं म्हणणं.) बोट वर ओढलं की उजेड वाढायचा, खाली ओढलं की कमी, आणि आडवं फिरवलं की फोन एकदम गप्प.

हौस चार दिवस टिकली. मग फोन आपोआप मुका व्हायला लागला. तो ज्या पतसंस्थेत नोकरीला होता तिथले मॅनेजर बाळासो रोज सकाळी फोन करायचे आणि ह्याला पत्ताच नसायचा. शेवटी ते कडाडले, "परत फोन उचलला न्हाईस तर गगनबावड्याच्या शाखेत घालतो. बस पावसात कुजत!"

राजशेखरचं धाबं दणाणलं. पहिला संशय कंपनीवर, दुसरा शेजारच्या कृष्णातवर. मग स्क्रीनवर रोज उमटणारी पांढरी बोटं नजरेत भरली. पीठ! म्हणजे बायको. शिवगंगा भाकरी थापता थापता नवऱ्याचा फोन तपासतीय! (तपासण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, हे त्याला जास्त लागलं.)

दुसऱ्या दिवशी नळ सोडून तो न्हाणीच्या दाराच्या फटीला डोळा लावून बसला. शिवगंगा आली. तिनं फोन उचलला, त्यावरून हळूच बोटं फिरवली.

"घावलीस!" साबणासकट तो बाहेर उडाला.

"अगं बाई! टॉवेल तरी गुंडाळा की ओ!"

"काय करत हुतीस?"

"विभूती लावत हुते. मिक्सरला लावली, गाडीला लावली, ह्यानं काय पाप केलंय? आता तर साहेब खवळल्यात, तुमची बदली टळावी म्हणून जास्तच नेमानं लावतीय मी!"

राजशेखरनं बघितलं. तीन बोटं, आडवी, चांगली दाबून ओढलेली. आणि खाली बाळासोंचं नाव बिनआवाजाचं लुकलुकत होतं. त्यानं झडप घातली. साबणाचं बोट घसरलं आणि साहेबांचा फोन कापला गेला.

संध्याकाळी गगनबावड्याची ऑर्डर हातात पडली. शिवगंगा डोळे पुसत पुसत बॅग भरायला लागली. राजशेखरला भडभडून आलं.

"तितं रेंज न्हाय म्हणत्यात, खरं व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय की."

"मग फोन हितंच ठेवा. आणि जाण्याआधी सेटिंगमधल्या त्या आडव्या बोटाच्या खुणा तेवढ्या काढून द्या. मला वापरायचाय."