अकरा अंश उजवीकडे

सोमवारी सकाळी केपटाऊनच्या मुख्य केंद्राकडून मेल आला. नायजेरियातल्या इबादानहून पाठवलेले बेचाळीसच्या बेचाळीस मेंदू वाकडे आहेत, असं त्यात लिहिलं होतं. सगळे उजव्या खांद्याकडे झुकलेले आणि प्रत्येक बरोबर अकरा अंशांनी. शुक्रवारपर्यंत सरळ करून पाठवावेत, नाहीतर यंदाच्या अभ्यासात इबादानला धरता येणार नाही.

प्राध्यापक ओयेवोले यांनी मेल मोठ्याने वाचला आणि चष्मा काढला.

"बेचाळीस माणसं, आणि सगळी अकरा अंश? या गावात दोन माणसं एका वेळेला लग्नाला पोचत नाहीत."

त्यांच्या विभागात तीनच माणसं होती. स्वतः प्राध्यापक. दुसरे अलाबा, जे माणसांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवायचे. आणि तिसरी तोलानी, जी बाहेर आलेली चित्रं संगणकावर नीट करायची. तोलानीला दोन वर्षं झाली होती आणि तीन महिन्यांनी ती शिकायला केपटाऊनलाच जाणार होती.

"अलाबा, डोकी तुम्ही ठेवता," प्राध्यापक म्हणाले.

"मीच ठेवतो. एकतीस वर्षं ठेवतोय, आधी एक्स-रेला, आता इथे. माझ्या हातून वाकडं डोकं एकच गेलंय."

"एकच म्हणजे कधी?"

"जुनी गोष्ट आहे," अलाबा म्हणाले. "मला वाटतं फरशी बघायला हवी. जमीन खचली असेल."

खरं तर मेल ऐकल्याबरोबर अलाबांना चूक कुठे आहे ते कळलं होतं.

प्रत्येक माणसाचं डोकं वेगळं असतं आणि प्रत्येकजण थोडा वेगळा झोपतो. म्हणून संगणक प्रत्येक मेंदू फिरवून एका ठरलेल्या नमुन्यावर नेमका बसवतो, म्हणजे सगळे एकमेकांशी ताडून बघता येतात. याला ते जुळवणी म्हणायचे. नमुना सरळ असेल तर सगळे सरळ येतात. या विभागाचा नमुना सहा वर्षांपूर्वी, यंत्र सुरू झालं त्या दिवशी घेतला होता. त्या दिवशी आत झोपायला कोणी तयार होईना, म्हणून अलाबांनी आपल्या बायकोला आणलं. मोरेनिके तिचं नाव.

मोरेनिकेला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. कोणी बोललं की ती डोकं कलवून उजवा कान पुढे करायची. बोगद्यातही तिने तेच केलं. अलाबा आत जाऊन डोकं सरळ करायला लागले तर ती म्हणाली, "सरळ केलंत तर मला तुमचं ऐकू येणार नाही. मग मी इथे एकटी काय करू?" म्हणून त्यांनी राहू दिलं. बारा मिनिटं ते माईकवरून तिला बाजारातल्या भांडणाची गोष्ट सांगत बसले आणि ती अजिबात न हलता ऐकत राहिली. चित्र इतकं स्वच्छ आलं की प्राध्यापकांनी तेच नमुना म्हणून लावून टाकलं. पुढे सरळ डोक्याचं दुसरं घेऊ, असं अलाबांनी मनात ठरवलं होतं. ते कधी घेतलं गेलं नाही. सगळीच चित्रं त्या एकाला धरून बसायची, त्यामुळे वाकडेपणा कोणाच्या लक्षातही आला नाही.

मोरेनिकेला जाऊन चौदा महिने झाले होते. रोज सकाळी संगणक सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात तो नमुना उमटायचा. अलाबा हातातली पिशवी खाली ठेवून म्हणायचे, "उठलीस का, बिसीची आई?" बिसी त्यांची लेक. तोलानीला वाटायचं काका यंत्राला नमस्कार करतात. शकुन म्हणून हल्ली तीही करायची. घरी मोरेनिकेचे पुष्कळ फोटो होते. पण फोटोत ती फोटोसाठी बसलेली होती. इथे ती त्यांचं ऐकत होती. चूक सापडली तर नमुना पुसला जाणार, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी फरशी म्हटलं.

फरशी तपासायला गवंडी आला. यंत्राचं चुंबक लोखंड ओढून घेतं, त्यामुळे अलाबांनी त्याच्याकडून थापी, किल्ल्या, घड्याळ आणि शेवटी पट्टाही काढून घेतला. पट्ट्याशिवाय त्याची पॅंट राहीना. एका हाताने पॅंट आणि दुसऱ्या हाताने पाणी भरलेली प्लास्टिकची नळी धरून तो खोलीभर फिरला. नळीचं दुसरं टोक तोलानीने धरलं.

"फरशी झकास आहे," गवंडी म्हणाला. "पण शेजारच्या खोलीला उतार आहे. दाराकडे."

शेजारची खोली प्राध्यापकांची होती. खुर्चीवर बसलं की ते हळूहळू दाराकडे सरकत जायचे, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. यंत्रामुळे जमीन थरथरते, असं त्यांनी सहा वर्षांत कितीतरी पाहुण्यांना समजावून सांगितलं होतं.

"ते राहू दे," प्राध्यापक म्हणाले. "दुसरं काय असू शकतं?"

"पाट्या," अलाबा म्हणाले. "डावं-उजव्याच्या."

हे तोलानीला पटलं. प्रत्येक चित्रासोबत पुढे कोणतं, मागे कोणतं, डावं कोणतं अशा पाट्या असतात. त्यातही डॉक्टर मंडळी माणसाला समोरून बघतात, म्हणून त्याचा उजवा कान त्यांना पडद्यावर डावीकडे दिसतो. मोजणारी मंडळी मागून बघतात, त्यांना तो उजवीकडेच दिसतो. यात घोळ होतो, म्हणून अलाबा प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची गोळी चिकटवायचे. ती चित्रात ठिपक्यासारखी चमकते. तोलानीने मंगळवारी दिवसभर बसून पाट्या बदलल्या. संध्याकाळी प्राध्यापक बघायला आले.

"तोलानी, या माणसाचं नाक मानेवर आहे."

"हो सर. पण झुकाव बघा ना."

"झुकाव तेवढाच आहे. आता तो मागे बघत झुकलाय."

तिने पुन्हा बदललं. नाकं जागेवर आली, पण अर्ध्या लोकांची गोळी डाव्या कानशिलावर गेली.

"या अठरा नंबरच्या बाई मिरच्या विकतात," प्राध्यापक म्हणाले. "मी स्वतः त्यांच्याशी बोललोय. त्यांचे दोन्ही कान आपापल्या जागी होते. हे सगळं होतं तसं कर."

होतं तसं करण्यात बुधवारची दुपार गेली. मग प्राध्यापक म्हणाले, "आता मीच आत झोपतो. अलाबा, मला सरळ ठेवा. बघू यंत्र काय म्हणतंय."

अलाबांना नाही म्हणता येईना. त्यांनी प्राध्यापकांचं डोकं अगदी काटेकोर ठेवलं. सातव्या मिनिटाला वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत प्राध्यापक अंधारात पडून होते. अलाबा आत गेले.

"साहेब, मी इथेच आहे. हलू नका."

"हलतोय कुठे मी? पण अलाबा, काहीतरी बोलत राहा. तुम्ही चर्चमध्ये बायकोच्या कानात बोलायचा तसं."

"तुम्हाला ऐकू यायचं?"

"तुमच्या मागच्या बाकावर वीस वर्षं बसतोय मी. पाद्र्याचं प्रवचन तुम्ही तिला सांगायचा आणि मध्ये आपलं घुसडायचा. ती चुकीच्या ठिकाणी हसायची. पाद्र्याला वाटायचं, मागे बसून मीच हसवतो तिला."

अलाबांनी मग वीज येईपर्यंत गेल्या रविवारचं प्रवचन सांगितलं, आपलं घुसडून.

यंत्रातून प्राध्यापकांचं डोकं सरळ आलं, अगदी ओळंब्यात. तोलानीने ते जुळवणीतून काढलं, तर अकरा अंश उजवीकडे.

फरशी सुटली, यंत्र सुटलं, अलाबाही सुटले. राहिला फक्त तोलानीचा संगणक.

"दोन वर्षांत एकदाही तपासलं नाहीस?" प्राध्यापक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच तोलानीला जास्त लागलं. "शुक्रवारपर्यंत चूक सापडली नाही तर सगळी मेहनत वाया जाईल. बेचाळीस जणांची. त्या मिरचीवाल्या बाईंना मी काय सांगू? आत बसून त्या बारा मिनिटं देवाला हाका मारत होत्या."

गुरुवारी सकाळी अलाबा नेहमीसारखे पिशवीत आकारा घेऊन आले. आकारा म्हणजे चवळीच्या पिठाची गरम भजी. कोपऱ्यातल्या चित्राला उठलीस का विचारून त्यांनी पुडा तोलानीपुढे ठेवला. तिने हात लावला नाही. ती पत्र लिहीत होती. त्यांनी वाकून वाचलं. चूक सर्वस्वी माझी आहे, मी कामात हयगय केली, माझी केपटाऊनची जागा दुसऱ्या कोणाला द्यावी.

"हे काय?"

"दुसरं काय लिहू, काका? रात्रभर शोधतेय. सापडत नाही म्हणजे मलाच येत नाही."

अलाबा खुर्ची ओढून बसले. बराच वेळ पुड्याची गाठ सोडवत राहिले.

"ते पत्र पूस," ते म्हणाले. "आणि कोपऱ्यातलं ते चित्र मोठं कर."

"नमुना? त्याला काय झालंय?"

"मोठं तर कर."

तोलानीने मोठं केलं. गेली दोन वर्षं तिने ते नखाएवढंच पाहिलं होतं. आता पडदाभर एक डोकं आलं, उजव्या खांद्याकडे कललेलं. तिने कोन मोजला नाही.

"हे कोण आहे, काका?"

"बिसीची आई. ऐकतेय ती."

प्राध्यापक दारात येऊन उभे होते, ते कोणाला कळलं नव्हतं.

"तुम्हाला सोमवारपासून माहीत होतं," ते म्हणाले.

"हो साहेब."

"आणि मला अंधारात त्या बोगद्यात..."

"वीज मी नाही घालवली, साहेब."

प्राध्यापक आत येऊन बसले. तेही चित्राकडे बघत राहिले. मग एक आकारा उचलून म्हणाले, "नमुना तर मीच लावला होता. बघून लावायला हवा होता. आता काय करायचं, तोलानी?"

"सोपं आहे, सर. यांनाच अकरा अंश फिरवते. सरळ होतील." आणि तिने फिरवून दाखवलं.

अलाबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही वेगळी बाई आहे," ते म्हणाले. "माझं म्हणणं नाही काही. काम व्हायला हवं. पण ही कोणाचंच ऐकत नाहीये."

तोलानीने चित्र होतं तसं केलं. "मग दुसरा नमुना घेऊ. सरळ झोपणारा माणूस हवा. काका, तुम्हीच झोपा. तुमच्याइतकं सरळ कोण झोपणार?"

हे अलाबांना मानाचं वाटलं. दुपारी ते बोगद्यात गेले. तोलानी दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या घट्ट बसवायला लागली, तर म्हणाले, "सैल ठेव. मी काय हलणारा माणूस आहे? लोकांना शिकवण्यात आयुष्य गेलं." तोलानी माईकवर बसली. गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून तिने केपटाऊनला जाताना काय काय न्यायचं ते विचारलं. अलाबांनी आतून सगळं सांगितलं. गरम कपडे घे, मिरची घे, तिकडची मिरची म्हणजे नुसता रंग.

चित्र आलं. तोलानीने पाहिलं, मग प्राध्यापकांना बोलावलं. मग अलाबा शर्टाची बटणं लावत आले.

"सरळ आहे ना?"

"साडेदहा अंश," तोलानी म्हणाली. "डावीकडे."

"शक्य नाही. मी सरळच होतो. यंत्राचं काहीतरी..."

"फरशी बघायची का?" प्राध्यापक म्हणाले.

अलाबांचा हात मानेकडे गेला. चौतीस वर्षं ते मोरेनिकेच्या उजवीकडे बसले होते. जेवताना, बसमध्ये, चर्चमध्ये. बोलायचं म्हटलं की मान डावीकडे जायची. ती अजून जात होती आणि त्यांना ठाऊकही नव्हतं.

तोलानीने दोन्ही चित्रं शेजारी लावली. मोरेनिके डावीकडे, अलाबा उजवीकडे. दोघं एकमेकांपासून लांब झुकलेले दिसले.

"भांडल्यासारखे दिसतात," अलाबा म्हणाले.

"थांबा काका, हे समोरून आहे. डॉक्टरांचं." तिने एक कळ दाबली. "आता मागून."

डावं-उजवं पालटलं आणि दोन्ही डोकी एकमेकांकडे आली, मध्ये बोटभर अंतर ठेवून.

"असंच," प्राध्यापक म्हणाले. "मागच्या बाकावरून वीस वर्षं असंच. हिचा तो उंच बांधलेला रुमाल बाजूला झाला की तेवढ्यापुरता मला पाद्री दिसायचा."

तोलानी काहीतरी मोजत होती. "सर, ही अकरा उजवीकडे, काका साडेदहा डावीकडे. दोघांच्या बरोबर मधला नमुना बनवला तर? कोणालाच पुसायला नको."

तिने तो बनवला. बेचाळीस मेंदू आणि प्राध्यापकांचा एक, असे सगळे पुन्हा जुळवणीतून गेले. गोळ्या उजव्या कानशिलावर, नाकं पुढे. शुक्रवारी दुपारी केपटाऊनचं उत्तर आलं. प्राध्यापकांनी दाराकडे सरकता सरकता मोठ्याने वाचलं.

"सगळे सरळ आहेत. स्वीकारले. फक्त सर्वांमध्ये पाव अंश उजवीकडे झुकाव दिसतो, तेवढा चालेल." त्यांनी चष्मा काढला. "तोलानी, हा पाव अंश कुठून आला?"

"तो उरतोच, सर. दोघांचे कोन सारखे नाहीत ना. काका, काढून टाकू?"

अलाबा कोपऱ्यातल्या चित्राकडे बघत होते.

"राहू दे," ते म्हणाले. "घरीही शेवटचा शब्द तिचाच असायचा."